पुलावरचं इंजिन

"जमादारसाहेब, माझं इंजिन गेलं!" सयाजीने वखारीचं दार धाडकन उघडलं.

येसाजी जमादारांनी आधी उंबऱ्यावर बूड टेकलं. महाड ते पोलादपूर मोटारीने त्यांची हाडं खिळखिळी केली होती. दसऱ्याच्या बंदोबस्ताचा शीण उतरायच्या आत दुसऱ्याच दिवशी हे इंजिन. पेन्शन जवळ आली की चोरांनाही कळत असावं, असं पुटपुटत त्यांनी आत पाहिलं आणि क्षणभर गुडघे दुखायचे विसरले.

अख्ख्या वखारीत घाट उभा होता. मातीचे डोंगर, पितळी रूळ, बोगदे, बांबूच्या कामट्यांचा पूल. सयाजी मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. नोकरी संपल्यावर गावी येऊन त्याने हा घाट मांडला, आणि त्यावर खऱ्या वाफेने चढणारं मांजराएवढं इंजिन स्वतःच्या हाताने घडवलं. आज पूल मोकळा होता. बाजूला झेंडूची माळ तेवढी पडली होती.

"शेवटचं कधी पाहिलंस?"

"काल सकाळी, दसऱ्याच्या पूजेला. हत्यारांबरोबर त्यालाही कुंकवाचं बोट लावलं, माळ घातली. आदल्या दिवशीच चिंचेने घासून लखलखीत केलेलं."

"पूजेनंतर हलवलंस?"

"पूजेची वस्तू त्या दिवशी हलवायची नाय, साहेब. दुपार कलल्यावर सगळा गाव शिवेवर सोनं लुटायला गेला. परत येतो तं पूल रिकामा!"

"घरात कोण होतं?"

"ही एकटीच. कालच चोर म्हणून ओरडून कामावरून काढली मी हिला!" सयाजीने अंगणाकडे बोट केलं. तिथे ठमाबाई बसली होती. वखार सारवणारी, घरचं भात कांडणारी विधवा बाई. रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाई, वखारीत गेली होतीस?"

"नाय वो. मी मागल्या दारी कांडत व्हते. मुसळाच्या आवाजात काय ऐकू येनार?"

"इंजिनाला हात लावलास?"

"पूजेच्या वस्तूला मी रांडमुंड बाई हात लावीन? माज्या बोटाला कुकू दिसला तं लोक काय बोलतील?" तिने पदर तोंडाशी धरला. "पोरीचा लगीन बिरवाडीला ठरलाय, जमादार. चोराची पोर म्हनून ते मोडतील वो!"

जमादारांनी वर पाहिलं. छपराची चार-दोन कौलं काढलेली होती.

"हे काय?"

"फोटोवाल्या मालोजीने काढली, उजेडासाठी. मुंबईच्या प्रदर्शनाला फोटो पाठवायचे आहेत. नवमीला आला होता, पण दिवसभर आभाळ. दसऱ्याच्या पहाटेच महाडला गेला."

"उद्या दोघं महाडच्या चौकीवर या," म्हणून जमादार उठले. उठताना भिंतीला हात लावावा लागला.

महाडात उतरल्यावर ते घरी न जाता मालोजीच्या दुकानात गेले. चोरीचा माल ओळखायला फोटो हवा होता. मालोजीने मोठ्या हौसेने काढून दिला. फोटो झकास होता. डोंगराच्या माथ्यावर उजेड, पुलावर इंजिन.

"कधीचा?"

"नवमीचाच. दसऱ्याला मी दुकान बंद करून दिवसभर झोपलो होतो."

घरी आल्यावर जमादारांनी फोटो दिव्याशी धरला. इंजिनाच्या तोंडावर एक काळा पट्टा होता. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. बायकोचा एकच फोटो, मालोजीनेच काढलेला. तिच्या कपाळीचं ठसठशीत कुंकू त्यात काळंकुट्ट आलं होतं. ती गेल्यापासून या गोष्टीचा त्यांना रोज राग यायचा. आज ते तिच्याकडे बराच वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सयाजी, ठमाबाई आणि एका शिपायाला घेऊन ते मालोजीच्या दुकानात शिरले.

"सयाजी, हा पट्टा कसला? काजळी?"

"चिंचेने घासल्यावर काजळी कुठली? मी पूजेला बोट ओढलं ना, तिथेच आहे. पण कुंकू काळं कसं?"

"फोटोत लाल रंग काळा येतो. माझ्या घरी भिंतीवर पुरावा आहे." जमादार मालोजीकडे वळले. "नवमीला इंजिन स्वच्छ होतं. कुंकू लागलं दसऱ्याच्या सकाळी. मग हा फोटो नवमीचा कसा रे?"

मालोजीचा चेहरा उतरला.

"नवमीच्या तुझ्या फोटोच्या काचा आभाळाने वाया गेल्या. दसऱ्याला गाव शिवेवर गेल्यावर तू गुपचूप परतलास ते चोरायला. पण कौलांतून ऊन असं उतरलेलं, की तुला राहवलं नाही. माळ काढलीस, फोटो घेतलास, मग इंजिन उचललंस. जन्मभर कपाळाकपाळावर काळं कुंकू बघून तुझी नजर मेली आहे. हा पट्टा तुला खटकलाच नाही."

"असा उजेड पुन्हा मिळाला नसता, साहेब," मालोजी खाली बघत म्हणाला. "आधीचा एक फोटो पाहून मुंबईचा शेठ इंजिनासाठी मागे लागला होता. सयाजी विकेना."

गिऱ्हाइकांच्या मागे टांगायच्या रंगीत पडद्याआड, खोक्यात, इंजिन होतं. शिपायाने मालोजीला चौकीकडे नेलं.

"ठमे, चुकलो गो," सयाजी म्हणाला. "उद्यापासून ये सारवायला."

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जमादार, बिरवाडीला चला. तुमच्या तोंडानं सांगा त्यांना."

"चिठ्ठी देतो ना."

"चिठ्ठीला कोन विचारतो? चौकीवर बोलावलेली सगळ्यांनी ऐकलीय. सुटलेली कोनी ऐकली?"

जमादारांना खरं तर घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. अंग मोडून आलं होतं, बूट चावत होते. त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"चल."

सयाजीने इंजिन काखेत मारलं आणि तोही मागोमाग निघाला.

"तू कशाला?"

"चोर म्हणून मी ओरडलो, साहेब," सयाजी म्हणाला. "तुमच्याआधी मीच बोलायला हवं."

ठमाबाई पुढे चालू लागली होती. पण दोघांना मागे येता यावं म्हणून तिने चाल कमी केली.