मंगळवारचा कागद

दार लोटून घे गं नीवेस, वारा येतोय. नुसतं लोट, कडी नको घालूस. हां. आता बसा गप्प. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली त्याच्याच तोंडून मी ऐकलीय, आणि त्या रात्री त्याला फाट्यावर सोडणारा गाडीवाला मीच होतो. तेव्हा मधे मधे फाटे फोडायचे नाहीत.

सतरा जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी पाचला ओआहाका शहराहून माझी गाडी निघाली तेव्हा सेलेस्तिनो माझ्या शेजारी येऊन बसला. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. म्हटलं, ठेवा की खाली, काय सोनं आहे का आत? हसला नाही. यूकुनीनो गावात डोन्या रुफिनाबाईंकडे एक वस्तू पोचवायचीय, एवढंच म्हणाला. मग मीही गप्प बसलो, कारण रुफिनाच्या घरी त्या दिवशी काय होतं ते आमच्या डोंगरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिची पोरगी नोएमी गेली होती, आणि ती प्रार्थनेची नववी रात्र होती.

पिशवीत एक बरणी होती आणि एक घडी घातलेला कागद. बरणीत नोएमीच्या हृदयातून काढलेला तुकडा.

सेलेस्तिनो मोठ्या इस्पितळात तपासणीच्या खोलीत एकतीस वर्षं कामाला. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून जे काय काढतात ते बाटलीतून त्याच्याकडे यायचं. तो ते मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, काचेवर चिकटवून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवायचा. बाई सूक्ष्मदर्शकातून बघून आजाराचं नाव लिहायच्या. हाड आलं तर मात्र ते आधी आम्लात चार-पाच दिवस भिजत घालायचं, मऊ झालं की मग कापायचं. हात इतका बसलेला की बाटली नुसती हलवून आत काय आहे ते सांगायचा. त्याचा त्याला ताठाही होता. होताच, मी खोटं कशाला बोलू?

नोएमी सत्तावीस वर्षांची, गावातल्या शाळेत मास्तरीण. चढ चढताना तिला धाप लागायला लागली. तपासलं तर हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात गाठ. तिथल्या गाठी बहुतेक साध्या असतात म्हणे, मऊ लिबलिबीत, काढली की माणूस मोकळा. ऑक्टोबरात तिची काढली. साधीच दिसते, असं सांगून तिला घरी पाठवलं आणि वर म्हणाले, रिपोर्ट झाला की मंगळवारच्या गाडीनं पाठवतो. मंगळवारची गाडी म्हणजे माझी.

ती बाटली सेलेस्तिनोकडे आली. चिठ्ठीवर नोएमीचं नाव, खाली लिहिलेलं : हृदय. त्यानं सुरी लावली, तर सुरी करकरली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. आत हाड. त्याचं डोकंच फिरलं. हृदयात कुठं हाड असतं का? ऑपरेशनवाल्यांनी कुणाच्या तरी मांडीच्या हाडाचा तुकडा हिच्या बाटलीत कोंबलाय, अशी त्याची खात्री झाली. एकतीस वर्षांत त्यानं तसलं काही पाहिलंच नव्हतं ना! 'बाटली चुकली आहे, विचारावं' अशी चिठ्ठी त्यानं लिहिली, बाटलीखाली सरकवली, आणि बाटली मागच्या फळीवर ठेवून दिली. मग मृतांच्या सणाची सुट्टी आली. मग डिसेंबरातले सण. विचारायचं राहून गेलं.

बाटली चुकलेली नव्हती. हृदयाचं मांसच हाड तयार करायला लागतं असा एक कॅन्सर असतो. इतका दुर्मीळ की पुष्कळ डॉक्टरांना जन्मात एकदाही दिसत नाही.

आणि इकडे दर मंगळवारी नोएमी फाट्यावर उभी. घरापासून फाटा म्हणजे खाली पाऊण तासाची वाट, आणि परत जाताना तोच चढ. मी म्हणायचो, बाई, कशाला येतेस, आला तर मी कुणाबरोबर तरी धाडतो. पण ऐकायची नाही. माझ्या नावाचा कागद मीच घेणार म्हणायची. बाकी काही नाही, पुढच्या वर्षी पहिलीचा वर्ग घेऊ की नको एवढंच तिला ठरवायचं होतं. पहिलीचा वर्ग अर्ध्यात सोडणं तिला पटायचं नाही. दहा मंगळवार ती आली. दहाही वेळा मी रिकाम्या हातानं परत पाठवली. अजून मला त्या फाट्यावर गाडी थांबवायची म्हटलं की जिवावर येतं.

दोन जानेवारीला तिला पुन्हा इस्पितळात नेलं. गाठ होती तिथंच पुन्हा वाढली होती, पहिल्यापेक्षा मोठी. मग आरडाओरडा, ऑक्टोबरचा रिपोर्ट कुठंय? सेलेस्तिनोनं मागची फळी उपसली. बाटली सापडली, खाली स्वतःच्याच अक्षरातली चिठ्ठी.  तुकडा आम्लात घातला. पाच दिवस लागतात म्हणजे लागतातच, त्यात घाई चालत नाही. काच तयार झाली आठ तारखेला. त्याच दिवशी पहाटे नोएमी गेली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं. म्हणाल्या, ऑक्टोबरात कळलं असतं तरी ह्याला औषध नव्हतं. काही महिने मिळाले असते, कदाचित तेही नाही. तिच्या आईला फळीचं सांगू नकोस, ऐकून तिला काय मिळणार? पण रुफिनानं इस्पितळाकडे एकच गोष्ट मागितली होती : माझ्या पोरीचं जे काढलंत ते परत द्या, ती अख्खी गेली पाहिजे. मेणात बसवलेलं बाईंनी ठेवून घेतलं, उरलेलं बरणीत भरलं, बरोबर रिपोर्टचा कागद दिला. पोचवायला मी जातो, असं सेलेस्तिनो आपणहून म्हणाला. सांगायचं की नाही, हे मात्र फाट्यावर उतरेपर्यंत त्याचं ठरलेलं नव्हतं.

आठ वाजून वीस मिनिटांनी मी त्याला सोडलं. पुनवेला चार दिवस झालेले, चंद्र वर यायला अजून अवकाश होता. माझ्या गाडीचे दिवे वळणाआड गेले आणि तो चढायला लागला.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. मागून पावलं वाजली.

चार पावलं. मग थांबली. मग श्वास... ओढून घेतलेला, अपुरा. पुन्हा चार पावलं.

त्याला वाटलं, कुणी म्हातारी प्रार्थनेला निघालीय. हाक मारली, या, बरोबर जाऊ. उत्तर नाही. तो थांबला. तीही थांबली. त्यानं बॅटरी मागे फिरवली. वाट मोकळी होती. दोन्ही बाजूंना निवडुंग... आणि कुणी नाही.

श्वास मात्र चालू होता. त्याच्यापासून हातभरावर.

तो पळाला नाही. पळवेना, असं म्हणाला मला. धाप लागलेल्या माणसाला मागे टाकून कसं पळायचं? तो चार पावलं चालायचा आणि थांबायचा. पाऊण तासाचा चढ त्यानं दीड तासात चढला.

घरात माणसं दाटलेली, कोपाल धुपाचा धूर, कॉफीचे पेले फिरत होते. जमिनीवर, जिथं शवपेटी ठेवली होती तिथंच, चुन्याचा क्रूस काढलेला. आपण मका शिजवताना घालतो तोच चुना. आता तुम्हाला माहीतच आहे, नवव्या रात्री पाचजण तो क्रूस उचलतात, म्हणजे चुना झाडून पुठ्ठ्यावर गोळा करतात : डोकं, दोन हात, पाय आणि शेवटी मधलं काळीज. ते लहान पेटीत भरून पहाटे थडग्यात पुरायचं. ते झालं की मेलेला माणूस घर सोडतो.

रुफिनानं बरणी घेतली, शालीच्या पदरानं पुसली, क्रूसाच्या मध्यावर ठेवली. कागद मात्र पिशवीतच राहिला. मग तो हळूच म्हणाला, वाटेत माझ्या मागून कुणीतरी येत होतं.

"तुम्हालाही ऐकू आलं?" रुफिना म्हणाली. "रोज येते. फाटकापर्यंत येते आणि परत खाली जाते. अजून कागदाची वाट बघतेय. दर मंगळवारी जायची ना... परत आली की ह्या भिंतीला टेकून बसायची, ओठ निळे पडलेले. मी म्हणायचे, मरू दे तो कागद. तर म्हणायची, आई, उशीर लागतोय म्हणजे नीट तपासत असतील."

सेलेस्तिनोनं कागदाची पिशवी काखेत आवळून धरली.  

मग रुफिनानं त्याला क्रूसाचं काळीज उचलायचा मान दिला. म्हणाली, तिच्या काळजाला शेवटचा हात तुमचाच लागलाय. नाही कसं म्हणणार?

पावणेबाराला उचलायला सुरुवात झाली. डोकं उचललं. उजवा हात. डावा हात. पाय. प्रत्येक वेळी एक प्रार्थना. मग तो गुडघ्यावर बसला. हातात पुठ्ठा आणि पिसाचा कुंचा.

फाटक वाजलं.

प्रार्थना थांबली.

अंगणात चार पावलं. श्वास. पुन्हा चार...

कुणी वळून बघितलं नाही. उंबऱ्यापाशी आली. थांबली. एक मेणबत्ती विझली... मग दुसरी. श्वास तेवढा ऐकू येत होता. अर्धा आत. अर्धा बाहेर.

सेलेस्तिनोनं पुठ्ठा चुन्याला लावला.  मग तो तसाच परत खाली ठेवला.

"डोन्या रुफिना," तो म्हणाला, "कागद माझ्यामुळे आला नाही. बाटली मी फळीवर ठेवली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं हाड आहे. विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. अडीच महिने... मी विसरलो."

 रुफिना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कागद आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"मी तुला माफ करणार नाही," ती म्हणाली. "मरेपर्यंत नाही. आता उभा राहा आणि दाराकडे तोंड करून वाच. तिला ऐकू जाईल असं वाच."

त्यानं वाचलं. नाव, वय. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातली गाठ. हृदयातच उगम पावलेला, हाड तयार करणारा कॅन्सर. खाली बाईंनी हातानं लिहिलेलं, ह्याला इलाज माहीत नाही.  शेवटची ओळ त्याला दोनदा वाचावी लागली.

"ऐकलंस ना बाळा?" रुफिना दाराकडे बघून म्हणाली. "तुझं काही चुकलं नव्हतं. वर्ग दुसरी बाई घेईल. आता खाली जायचं नाही."

काही नाही.

काही नाही...

मग एक श्वास आला. लांब. पुरा. इतका पुरा की पुढच्या रांगेतल्या बायकांच्या तोंडावर त्याचा वारा लागला. त्यानंतर नाही आला.

सेलेस्तिनोनं काळीज उचललं. चुन्याचा कण न् कण पेटीत भरला, बरणीतलं त्यात ठेवलं, झाकण ठोकून बसवलं. साडेपाचला पेटी उचलून सगळे बाहेर पडले, आणि पुढचा माणूस उंबऱ्यातच थांबला.

उंबऱ्यापासून पावलं उमटलेली होती. चुन्याची, पांढरी. अनवाणी, बायकी पावलं. खाली फाट्याच्या बाजूला नाही, वर, दफनभूमीच्या चढाकडे. एका पावलापासून दुसऱ्यापर्यंत दीड-दोन हाताचं अंतर.

नऊ दिवसांत रुफिनाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ती तिथंच अंगणात बसली आणि हंबरडा फोडून रडली. सेलेस्तिनोनं उठवायला हात पुढे केला. तिनं तो धरला नाही.

बाकीचे पेटी घेऊन कडेकडेनं वर गेले. पावलं थेट थडग्यापर्यंत होती. मधे कुठंच थांबलेली नव्हती.