घटपर्णीच्या पोटात पालक

"शीऽऽ! हे काय सडलंय इथं?"

काचघरातल्या कुंडीपासून नाकमुरडी टुणकन मागे उडाली. तिचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे. कशालाही नाक मुरडायची, म्हणून नाकमुरडी!

"घटपर्णी आहे ती. किडे पकडून पचवते. तिला काय अत्तराचा वास येणार?" तिचा आत्येभाऊ ढब्बू म्हणाला.

"हिच्यातल्या सडक्या माश्यांचा वास मला पाठ झालाय. हा वेगळाच आहे. कुणीतरी ओकल्यासारखा!"

"ईऽऽ! मी आत्ताच खाऊन आलेय ना!" धाकटी टिकली किंचाळली.

या दोघी बहिणी सुट्टीत आत्याकडे आल्या होत्या. आत्या वनस्पती संशोधन संस्थेत काम करायची. कोणतं झाड कुणाचं नातेवाईक, हे ती जनुकांवरून शोधायची. "तुझं नाक जसं आजोबांवर गेलंय ना, तशा झाडांतही पूर्वजांच्या खुणा उतरतात," ती सांगायची. निवडुंग, पालक, बीट आणि ही कीटकखाऊ घटपर्णी, सगळी एकाच गणातली दूरची भावंडं! हे ऐकून टिकलीने पालक खायचाच सोडला होता.

पण या वेळी आक्रीतच घडलं होतं. या दुर्मीळ घटपर्णीची तपासणी केली, तर उत्तर आलं: पालक! नातेवाईक नव्हे, चक्क पालक! संचालकसाहेब आत्यावर खेकसले, "नमुन्यांची सरमिसळ केलीत तुम्ही!" उद्या दुपारी बाहेरून दोन तज्ज्ञ येणार होते. त्यांच्यासमोर साहेब आत्याचं काम बंद करायला सांगणार होते, आणि कुंड्या जाणार होत्या खतखड्ड्यात. कालपासून आत्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

नाकमुरडी हुंगत हुंगत काचघरभर फिरली. वास फक्त बाकड्याजवळच्या कुंड्यांच्या रांगेलाच होता! तिने एक घट, म्हणजे झाडाचं सुरईसारखं पान, हळूच बशीत उलटा केला. माश्यांचे पाय, पंख आणि बुळबुळीत हिरवा लगदा बदकन पडला. टिकली तोंडावर हात धरून बाहेर पळाली.

"तू घाल हात," नाकमुरडी म्हणाली.

"मी? छे, छे! वास तुला आलाय," ढब्बू मागे सरकला.

शेवटी तिने डोळे मिटून बोटं घातली. गिळगिळीत! लगदा चिमटीत धरून तिने हुंगला. "पालक आहे! उकडलेला! आत्या तपासायचा तुकडा कुठून कापते रे?"

"घटाच्या आतून. पाचक रस तिथंच सुटतो." ढब्बूचे डोळे विस्फारले. "म्हणजे आईने तपासला तो..."

"कुणीतरी टाकलेला पालक!"

आता त्या बाकड्यावर बसून डबा खाणारा माणूस एकच. शांतता हवी म्हणून दार लावून जेवणारे संचालकसाहेब! डॉक्टरांनी त्यांना रोज पालक खायला सांगितला होता, आणि त्याचं रडगाणं ते अख्ख्या संस्थेला ऐकवायचे. दुर्मीळ झाडाच्या तोंडात उष्टं टाकायचं आणि वर आत्यालाच बोल लावायचा! मोठ्या माणसांना लाज कशी वाटत नाही, देव जाणे!

"जाऊन सांगू या!"

"मुलांचं कोण ऐकणार? रंगेहाथ पकडायला हवं," नाकमुरडी म्हणाली.

तिघं थेट साहेबांच्या घरी गेली, त्यांच्या बायकोकडे. "काकू, उद्या काकांना पालकाऐवजी बीट द्याल? का ते विचारू नका. आणि दुपारी काचघरात याच!"

"देते की. तरी यांच्या पोटात काही जातंय का, मला शंकाच आहे," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे काचघरात जमले. आत्या खाली मान घालून उभी होती.

"माझ्या संस्थेत असला गलथानपणा खपणार नाही!" साहेबांनी सुरुवात केली.

"साहेब, आज डब्यात काय होतं?" नाकमुरडीने मध्येच विचारलं.

"बीट. का गं?"

"संपवलंत ना?" काकू पुढे आल्या.

"अगदी चाटूनपुसून!"

"मग जीभ दाखवा!" टिकली ओरडली आणि तिने स्वतःची जीभ बाहेर काढली. काकूंकडचं बीट खाऊन ती लालभडक झाली होती.

साहेबांनी ओठ घट्ट मिटले.

"आ करा म्हणते ना!" काकू गरजल्या.

साहेबांनी आ केला. जीभ पांढरटच होती, लालीचा मागमूस नाही! तेवढ्यात नाकमुरडीने बाकड्याजवळचा घट बशीत उलटा केला. मेलेल्या माश्यांत माखलेले बिटाचे तुकडे घरंगळले. असा काही भपकारा सुटला की एका तज्ज्ञाने खिडकीच गाठली.

"रोजचा पालकही इथंच गेलाय. आत्याने तपासला तो हाच घाणेरडा लगदा!" नाकमुरडी म्हणाली.

आत्याने झटकन मान वर केली. "न उघडलेला घट घेऊ या! त्याचं झाकण अजून बंद आहे. आत काहीच पडलेलं नसणार!"

तो तुकडा वयस्कर तज्ज्ञबाईंनी स्वतः समोर उभं राहून कापून घेतला. आठवड्याभरात उत्तर आलं. घटपर्णी आपल्याच कुळात, वंशवृक्षाच्या अगदी हवी त्या फांदीवर! आत्याचं काम वाचलं. आणि बाकड्याजवळचा एकेक घट साहेबांना स्वतःच्या हाताने धुवावा लागला. ते सारखे ओकाऱ्या काढत होते.

"वास इथं सगळ्यांनाच येत असणार," तज्ज्ञबाई नाकमुरडीला म्हणाल्या, "पण त्या घाणीत हात घातलास तो तू. शाबास!"

आत्याने तोच हात ओढून घेतला.

"शी, आत्या, नको! किती साबण लावला, तरी वास जात नाहीये!"

आत्याने तळहात नाकाशी धरला, तोंड वेडंवाकडं केलं आणि त्याचा मोठ्ठा पापा घेतला.