शिशाची चकती

“माती कधीच खोटं बोलत नाही!” डॉर्सेटच्या माळावर, एका पुरातन थडग्याच्या उंचवट्यावर उभं राहून सर ऑसबर्ट वेदरिल यांनी जाहीर केलं. लगेच ती माती बुटाखालून सरकली आणि इंग्लंडचे थोर पुरातत्त्वज्ञ बसल्या बसल्या खड्ड्यात उतरले.

“खरंच बोलली हो साहेब,” खड्ड्यातून सायलस बडन म्हणाला. तरुणपणापासून तो त्यांचे खड्डे खणत आला होता. “म्हणाली, वय झालं, आता घरी बसा.”

“हा शेवटचा, सायलस.”

“मागच्या खेपेलाही शेवटचाच होता.”

या वेळी मात्र ते काही शोधायला नव्हे, ठेवायला आले होते. खड्डा बुजवण्याआधी तळाशी शिशाची एक चकती ठेवायची, ही त्यांची जन्माची रीत. तिच्यावर नाव आणि साल. पुढे कोणी खणलं तर कळावं, इथे आधी वेदरिल येऊन गेले. चकत्या करायची त्यांची बायको, हेस्टर. हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर, संत्र्याच्या मुरंब्याच्या बरण्यांशेजारी, ती एकेक अक्षराचा ठसा हातोडीने ठोकायची. अक्षरं कशी, कवायतीला उभ्या शिपायांसारखी. फुटकी मडकी जोडायची तीच, पुस्तकांतली चित्रं काढायची तीच. नाव एकट्या वेदरिलांचं.

एकदा तिने विचारलं होतं, “एखादीवर माझंही नाव ठोकू का रे?”

“चकती लहान आहे गं.”

पुढच्या हिवाळ्यात तिने मोठी चकती ओतली. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. जागा भरली.

हेस्टरला पुरून दोन वर्षं झाली होती. तिचा चष्मा तेवढा शेकोटीवरच्या फळीवर राहून गेला. तो तेव्हापासून त्यांच्या कोटाच्या खिशात असे. दुसऱ्या खिशात आज त्यांनी स्वतः ठोकलेली चकती होती, दोघांच्या नावांची. ती ठोकताना अंगठा काळानिळा झाला होता.

तळाशी खडूच्या खडकाचा पांढरा थर लागला. सायलसने गुडघे टेकून तो तळहाताने चाचपला. “अखंड आहे, साहेब. याला आजवर कोणी हात लावलेला नाही.”

चकतीपुरता खळगा करायला त्याने कुदळ मारली, तसा थर फुटला. वर चंडोल गात होते, ते थांबले. फटीतून गरम शिशाचा वास आला, आणि संत्र्याच्या मुरंब्याचा.

“डबा उघडलास का रे?”

“डबा गाडीत आहे, साहेब.”

थापीला काहीतरी लागलं. हाडं नव्हती. चकती होती.

शिसं उघड्यावर चार दिवसांत काळवंडतं. ही लखलखत होती.

‘हेस्टर वेदरिल.’ त्याखाली, बारीक, ‘आणि नवरा.’ मग साल, १९५४. म्हणजे हेच, चालू साल.

अक्षरं एकमेकांवर कोसळली होती. एक तर उलटंच.

“हे तिचं काम नाही,” वेदरिल घाईने म्हणाले. “तिचा हात असा कधीच...”

“मागेही काहीतरी आहे, साहेब.”

त्यांनी चकती उलटली. ती कोमट होती. मागची अक्षरं आणखी बारीक होती, लागेनात, तेव्हा त्यांनी खिशातून हेस्टरचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

‘काही दिसत नाहीये रे. येताना माझा चष्मा आण.’