ताळा न पाहिलेला माणूस

भिलारात हल्ली माणूस गेला की तेराव्यानंतर घरात डबा येतो. दिसायला अगदी साधा, मसाल्याच्या डब्याएवढा, पुढे आवाजासाठी जाळी आणि मागे वायर. त्यात गेलेल्या माणसाचं प्रतिमन असतं. जिवंतपणी वर्षभर कानामागे एक बारीक पट्टी लावून हिंडायचं. माणूस काय बोलतो, कशावर चिडतो, काय विसरत नाही, याचा त्या पट्टीवर जो ठसा उतरतो, त्याला प्रतिमन म्हणतात. ते ऐकतं, आठवतं, उत्तर देतं. ‘हे म्हणजे ती व्यक्ती नव्हे’ असं डब्याच्या तळाशी छापलेलं असतं, पण डबा उलटा करून बघतंय कोण?

एका माणसाची प्रतिमनं दोन. एक घरच्या डब्यात आणि दुसरं साताऱ्याच्या स्मृतिभवनात, तिथल्या मोठ्या सर्व्हरवर. भवनाला फोन लावला की गेलेला माणूस तिथूनही बोलायचा, पण प्रत्येक उत्तराआधी क्षणभर थांबायचा. घरचा मात्र आपला शब्द पुरा व्हायच्या आत बोलायचा, त्यामुळे भवनाला फोन लावायच्या फंदात कुणी पडत नसे. वर्षश्राद्धाला तेवढी दोन्ही प्रतिमनं एकमेकांना जोडायची, फरक पडला असेल तर घरचं भवनातल्यावरून दुरुस्त करून घ्यायचं, असा नियम होता. याला लोक ताळा बघणं म्हणत.

रेवती भिलारेंनी सात वर्षं ताळा बघितला नव्हता.

भवनाची चिठ्ठी आली की त्यांच्याकडे कारण तयार असे. एका वर्षी स्ट्रॉबेरीची लावणी आडवी आली, एका वर्षी गुडघा, एका वर्षी तर पाहुणे येणार होते आणि ते आलेच नाहीत. गंमत म्हणजे जुन्या रोपांच्या बाबतीत हीच बाई मोठी कडक. मातृरोपाला रनर, म्हणजे जमिनीवर सरपटणारे धुमारे, फुटतात, त्यांची रोपं होतात, त्या रोपांनाही रनर फुटतात. पण असं वर्षानुवर्षं चालू दिलं तर फळ बदलत जातं, म्हणून दरसाल नवी मातृरोपं आणायची आणि जुनी उपटून टाकायची. एखाद्या गड्यानं चांगलं दिसलं म्हणून जुनं रोप राखलं तर रेवती त्याला दहा माणसांत बोलायच्या. आणि घरातला डबा मात्र सात वर्षं तसाच चालू.

खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. रेवतींना एक मुलगा होता, ओजस. नऊ वर्षांचा असताना त्यांनी त्याला ठिबकचा कॉक बंद करायला शेतात पाठवलं. कॉक शेततळ्याच्या कडेला होता. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. त्यात पाय गेला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. पोराला मासे बघायचे होते.

नवरा, माणिकराव, त्या दिवशी ओरडला नाही की रडला नाही. तो फक्त म्हणाला, “तू त्याला धाडाय नको हुतंस.” पुढं बावीस वर्षं तो ओजसबद्दल बोलायचा, कधी वाढदिवसाला, कधी उगाच जेवता जेवता, आणि दर वेळी बोलणं त्या वाक्यापाशी येऊन संपायचं. त्यात राग नसे, आणि रेवतींना तेच सोसत नसे. भांडला असता तर उलटून बोलता आलं असतं. माणिकराव गेले तेव्हा दुःखाच्या तळाशी त्यांना थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. मग डबा आला आणि पंधरा दिवसांत वाक्यही आलं.

दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी एका तिन्हीसांजेला रेवती डब्यासमोर बसून डोळे पुसत होत्या, तर आतून आवाज आला, “तुझी काय चूक न्हाय गं. उगा मनाला लावून घेऊ नगंस.”

त्या संध्याकाळी त्यांनी देवापुढे साखर ठेवली. चोवीस वर्षांनी नवऱ्यानं त्यांना माफ केलं होतं. जिवंतपणी जमलं नाही, पण डब्यात निवांत बसून विचार केला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि दुरुस्तीत हे पुसलं जाईल या भीतीनं त्यांनी ताळा बंद केला. आणखीही एक केलं. नाव काढलं तर वाक्य परत येईल, म्हणून सात वर्षं त्यांनी ओजसचं नाव तोंडावाटे काढलं नाही.

अखेर यंदा चिठ्ठीऐवजी माणूस आला. नफिसा मुजावर, भवनातली चिपांची शास्त्रज्ञ. गावचीच पोर, माणिकरावांच्या गाडीवर चालक असलेल्या रशीदची मुलगी, म्हणून भवनानं मुद्दाम तिला धाडलं. तिनं आधी चहा घेतला, गुडघ्याची चौकशी केली आणि मग सांगितलं की सात वर्षं ताळा चुकला की दोन निराळी माणसं झालीत असं कायदा धरतो. एका नावाची दोन मनं ठेवायला परवानगी नाही. आता एक तर डबा भवनातल्यावरून दुरुस्त करायचा, नाहीतर ‘आहे तसं राहू द्या’ म्हणून सही करायची. मग भवनातलं कायमचं बंद.

“सही करते की,” रेवती म्हणाल्या. “पेन दे.”

नफिसानं पेन दिलं नाही. फरक कशानं पडतो हे ऐकून तरी घ्या म्हणाली.

“काकी, दोन्ही चिपाच. पण भवनातली म्हणजे लग्नाचा भटारखाना. दीडशे आचारी एका वेळी राबतात, हजारो पानं वाढतात, पण एकेकटा आचारी तसा संथ. म्हणून तिकडचं उत्तर जरा उशिरा येतं. तुमच्या डब्यातली म्हणजे घरची चपळ सुगरण. हात आठच, पण विजेसारखे.”

“मग घरचंच बरं की.”

“पटकन होण्यात बरं. पण आठवण लिहिलेली असते शून्य आणि एक अशा बारीक खुणांनी. आकाशातून सारखे कण पडत असतात, आपल्या अंगातूनही आत्ता जातायत. एखादा नेमका चिपेत घुसला की एखाद्या शून्याचा एक होतो. भवनात दर चौसष्ट खुणांमागं आठ साक्षीदार खुणा ठेवलेल्या असतात. एक खूण पलटली की ते आठजण मिळून सांगतात, कुठली पलटली. ती तिथल्या तिथं सरळ होते. घरच्या चिपेत साक्षीदार ठेवत नाहीत. त्या मुळात घरी सिनेमे बघायला बनवलेल्या, आणि सिनेमात एखादा ठिपका चुकला तर कुणाचं काय बिघडतं? आणि आपला गाव उंचावर. साताऱ्यापेक्षा इथं कण जास्त पडतात.”

रेवतींनी एवढंच विचारलं, की एका ठिपक्यानं माणूस कसा बदलेल? त्यावर नफिसा म्हणाली की ठिपका कुठला यावर आहे. आठवणीकडं जाणाऱ्या वाटेवरचा असेल तर वाट बुजते. आणि ज्या आठवणीकडं कुठूनच वाट येत नाही, ती पसारा समजून डबा रोज आवरून टाकतो.

मग तिनं आपला फोन भवनाला जोडून डब्याशेजारी ठेवला. दोन माणिकराव एका टेबलावर. रेवतींनी नकळत पदर सारखा केला. नफिसानं दोघांना तेच तेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. बायकोचं माहेर कुठलं? दोघंही मेढा म्हणाले. पहिली लावणी किती गुंठ्यांत केली? दोघंही अकरा म्हणाले. डबा आधी, फोन मागून, आवाज एकच. रेवतींना मनातून बरं वाटायला लागलं.

“मुलं किती तुम्हाला?” नफिसानं विचारलं.

“आम्हाला मूलबाळ न्हाय,” डबा लगेच म्हणाला.

फोन नेहमीसारखा थांबला.

“एक. ओजस,” फोन म्हणाला. “चपला कायम उलट्या घालायचा. डावी उजव्यात. तळ्याच्या काठावर काढून ठेवल्या हुत्या, त्या पण उलट्याच. त्या दिवशी तू त्याला धाडाय नको हुतंस.”

त्या चपला जगात दोघांनीच बघितल्या होत्या. लोक गोळा व्हायच्या आत माणिकरावांनी त्या उचलून सदऱ्यात घातल्या होत्या. रेवतींनी डब्याकडं तोंड केलं आणि विचारलं, “अहो, माझी चूक नाही म्हणून सारखं सांगत होतात. ते कशाबद्दल?”

“काय की,” डबा मऊपणानं म्हणाला. “तू रडायचीस. काहीतरी लागलं असंल मनाला, असं वाटायचं. म्हणलं, म्हणावं. तुला बरं वाटायचं.”

म्हणजे सात वर्षं त्यांना माफ कुणी केलंच नव्हतं. आकाशातून कुठलासा कण आला, त्यानं त्यांचं पोर पुसलं, आणि पोर नाही म्हटल्यावर चूकही उरली नाही. आणि ज्या नावानं ही गोष्ट पहिल्याच दिवशी उघडी पडली असती, ते नाव त्यांनी स्वतःच गिळलं होतं. आपण देवापुढे साखर ठेवली होती हे आठवून त्यांना शरम वाटली.

नफिसानं पेन टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की घाई नाही, ती उद्या येईल. रेवती म्हणाल्या, उद्या नको. त्या डब्यासमोर बसल्या. हा माणूस रोज विचारपूस करायचा, रागवायचा नाही, त्याच्यासोबतची सात वर्षं त्यांच्या संसारातली सगळ्यांत सुखाची होती. त्याचा काही गुन्हा नव्हता. पण ओजसचं नाव घेतलं तर “कोण?” म्हणेल, अशा माणसाबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं? आणि सही केली तर चपला बघितलेलं माणूस जगात त्या एकट्याच उरणार होत्या.

“दुरुस्त कर,” त्या म्हणाल्या.

“काकी, एकदा केलं की हे परत आणता येणार नाही.”

“जुनं रोप मीच राखलं. मलाच उपटायला पाहिजे.”

नफिसानं वायर जोडली. “काय चाललंय गं?” डब्यानं विचारलं. रेवती म्हणाल्या, काही नाही, ताळा बघतोय. “बघा बघा,” डबा म्हणाला, आणि तेच त्याचं शेवटचं बोलणं. पाच मिनिटांचं काम. जाताना नफिसानं बजावलं की कण पडायचे थांबणार नाहीत. वर्षातून एकदा ताळा होईल, मधल्या दिवसांचा भरवसा देता येत नाही.

त्या संध्याकाळी कितीतरी वर्षांनी भिलारेंच्या घरात ओजसचं नाव निघालं. पहिलं फळ माती न पुसताच खाणारा ओजस, झोपेत आकडे मोजणारा ओजस. शेवटी ते वाक्य आलंच. रेवतींनी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि म्हणाल्या, “हो. नको होतं धाडायला. आणखी सांगा त्याचं.”

असे दोन महिने गेले. फळ तोडायला आलं. एका दुपारी रेवती शेतातून येऊन पाय धूत होत्या, तर डबा म्हणाला, “रेवा, जेवलीस का?”

त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. स्वर फार मऊ होता. जिवंतपणी माणिकराव असं विचारायचे का? त्यांनी आठवून बघितलं. विचारत असतील. किंवा हे त्या दुसऱ्याचं, पुसून टाकलेल्याचं, सात वर्षांत ऐकलेलं असेल. काही केल्या उमजेना. त्यांच्या स्वतःच्या डोक्यातही आठ साक्षीदार कुठे होते?

ओल्या पायांनी त्या डब्यापाशी आल्या. “अहो, त्याच्या चपला कशा असायच्या?”

“उलट्या,” डबा लगेच म्हणाला. “डावी उजव्यात. तू त्याला धाडाय नको हुतंस.”

रेवतींना हायसं वाटलं. मग आपल्याला कशानं हायसं वाटलं हे लक्षात आलं, आणि त्या तिथंच जमिनीवर बसून रडायला लागल्या. डबा काही बोलला नाही. तो काहीतरी मायेचं बोलेल, म्हणजे पोर पुन्हा पुसलं गेलं असेल, या भीतीनं त्या कान देऊन बसल्या होत्या.