मागे राहणाऱ्याचं काय करायचं

मावशीच्या नाकावर राग असतो, हे ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हती. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कंपनीच्या मदत विभागात पंचविशीतल्या पोरापोरींमध्ये पन्नाशी ओलांडलेली ती एकटीच, म्हणून मावशी. कंपनीचा खेळ असा, की चौघांची टोळी घेऊन राक्षसांच्या मुलखातून जिवंत बाहेर पडायचं. एक ढालवाला, एक तिरंदाज, एक वैद्य आणि एक जादूगार. लोक हा खेळ हौसेने विकत घेत, पहिल्याच भुयारात टोळीसकट मरत, आणि मग मदत विभागाला लिहीत की खेळात बिघाड आहे.

"बिघाड तुझ्या डोक्यात आहे," असं मावशी स्क्रीनला म्हणे. बोटं मात्र लिहीत, 'नमस्कार, आपली अडचण समजली.'

नवशिक्यांसाठी टिपा तिनेच लिहिल्या होत्या. दार उघडण्याआधी कान लावून ऐका. ढालवाल्याला पुढे ठेवा आणि वैद्याला मध्ये. मोकळ्यावर लढू नका, शत्रूला अरुंद बोळात येऊ द्या. इतकं सोपं करून सांगूनही पालथ्या घड्यावर पाणी! त्यातही सगळ्यात जास्त डोकं खाई तो म्हातारा जादूगार. पहिल्याच गावात तो आपण होऊन टोळीत येतो. गोष्टी सांगतो, विनोद करतो, आणि जरा चाललं की दमून बसतो. तो बसला की अख्खी टोळी थांबते, कारण खेळाचा नियमच आहे की टोळी सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने चालते. मग अंधार पडतो, लांडगे येतात आणि चौघेही मरतात. तरी नवशिक्यांचा जीव नेमका त्याच्यातच अडकतो. मावशीची टीप रोखठोक होती. त्याचे बूट, झगा, काठी काढून बाकीच्यांना द्या, त्याला वाटेतल्या मुक्कामावर सोडा आणि पुढे निघा. सोडलेला साथीदार परत मिळत नाही, पण त्यावाचून काही अडतही नाही.

त्या सकाळी मावशी घरूनच तापून आली होती. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडायचा आणि स्वतःच्या इमारतीतली मात्र सुट्या भागांसाठी अडून होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. पडून पाय मोडल्यापासून मावशीचे बाबा तिच्याकडेच राहत होते. व्यायामासाठी त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे सगळ्या घराचा खोळंबा. जावयाने त्यांच्यासाठी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी बाक करून ठेवला होता. उतरताना बाबा त्यावर बसले की बसले. त्या सकाळीही तसंच झालं.

"स्टेशन आलं," बाबा म्हणाले. "गाडी थांबणारच."

मावशीला ऑफिसला उशीर होत होता, मुलीचं कॉलेज होतं, नवऱ्याला कुठल्याशा लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे फोनवर फोन येत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, तुमच्या एकट्यापायी सगळ्यांचा खोळंबा होतो! रोज, रोज, रोज!"

"होतो खरा," बाबा म्हणाले आणि काठी टेकून उठायला लागले. ते त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं, की तिला अजूनच राग आला.

ऑफिसात खुर्चीवर बसते तोच पहिला प्रश्न समोर आला. पाठवणाऱ्याने नाव लिहिलं नव्हतं.

'आम्ही चौघे आहोत. म्हातारा जिन्यात बसतो. सगळे थांबतात. काय करू?'

असल्या प्रश्नाला तयार उत्तर होतं, पण ते चिकटवायला मावशी थांबली नाही. स्वतःच्या शब्दांत लिहिलं. 'सोडा त्याला. आधी त्याच्याजवळचं सामान काढून घ्या. दया दाखवाल तर चौघेही मराल.' आणि पाठवून टाकलं. तिला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

संध्याकाळी घरी आली तर नवरा स्वयंपाकघरात उभा, आणि त्याच्या पायात बाबांचे तपकिरी बूट. बोटं चेपली होती, टाचा बाहेर आल्या होत्या.

"अहो, हे काय?"

"काय?" त्याने खाली पाहिलं. "बरे आहेत की."

मुलगी, जिला घरात ठकी म्हणत, बाबांचा लोकरी कोट घालून अभ्यासाला बसली होती. बाबांची काठी मावशीच्या पलंगाशी उभी होती, तिच्याच उशाला. ती तिथे कुणी ठेवली ते दोघांनाही सांगता येईना. बाबा त्यांच्या खोलीत खाटेच्या कडेला बसले होते. नुसत्या मोज्यांवर, हात मांड्यांवर ठेवून.

"मीच दिलं सगळं," बाबा म्हणाले. "त्यांनी मागितलं."

"मागितलं म्हणून द्यायचं? आणि तुम्ही काय घालणार?"

"आता मला कुठे जायचंय?"

मावशीने घर डोक्यावर घेतलं. नवऱ्याच्या पायातले बूट ओढून काढले, ठकीच्या अंगावरचा कोट हिसकावला, सगळं बाबांच्या खोलीत नेऊन आपटलं. तुम्हा दोघांना लाज कशी नाही, म्हणून पार दम लागेतो बोलली. दोघं खाली मान घालून ऐकत राहिली. उलट उत्तर नाही, रुसवा नाही. एरवी ठकी एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी. मावशीला वाटलं, बरं झालं, लागलं मनाला.

सकाळी ती निघाली तेव्हा बाबा झोपलेले होते, आणि बूट पुन्हा नवऱ्याच्या पायात होते. या वेळी ते त्याला नीट बसले होते.

भांडायला वेळ नव्हता. ऑफिसात पोचली, तर प्रश्न येऊन बसलेला.

'सामान घेतलं. आता कुठे सोडू? वळणावर लाकडी बाक आहे. तिथे चालेल?'

खाली चित्र जोडलं होतं. खेळणाऱ्याला दिसतं तसं, जरा वरून आणि तिरकं. राखाडी जिना, भिंतीचे पोपडे, लोखंडी कठडा, आणि फळ्यांचा एक बाक. बाकावर कुणी नव्हतं. खेळात वरच्या कोपऱ्यात टोळीतल्या चौघांचे चेहरे असतात तसे इथेही होते. तीन बारीक आणि अंधुक. पहिला, ढालवाल्याच्या जागेवरचा, मात्र स्पष्ट होता. कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले, अंगात हिरवा स्वेटर. मावशीने मान खाली घालून स्वतःच्या हिरव्या स्वेटरकडे पाहिलं.

पलीकडच्या टेबलावर चष्मिष बसे. मदत विभागातला सगळ्यात गोड बोलणारा मुलगा. मावशीने त्याची खुर्ची धरून गर्रकन फिरवली.

"तू आला होतास माझ्या घरी?"

"तुमच्या घरी? मला जीव प्यारा आहे, मावशी."

"मग हे कुणाचं काम आहे? माझ्या घरच्या जिन्याचे फोटो काढून मला पाठवता? लाज विकून खाल्लीत सगळ्यांनी?"

चष्मिषने चित्र नीट पाहिलं. खेळातल्या जागांची यादी काढून शोधलं. "असला जिना आपल्या खेळात नाहीच," तो हळूच म्हणाला. "आणि फोटो पण नाहीये हा. बघा ना, जिन्यातला दिवा हलतोय."

मावशीने घरी फोन लावला. ठकीने उचलला.

"आजोबा काय करताहेत?"

"बाबा आजोबांना खाली घेऊन चाललेत."

"कशाला? दवाखान्याचा दिवस नाहीये आज!"

"माहीत नाही." ठकी थांबली. "निघायचं होतं ना आपल्याला?"

"कुठे निघायचंय? थांबव त्यांना! ठकी, आत्ताच्या आत्ता पळ आणि थांबव!"

"हो," ठकी म्हणाली. पण पावलांचा आवाज आला नाही. तिचा श्वास तिथेच, फोनजवळ, संथ चालू होता.

मावशीने फोन आदळला आणि लिहिलं, 'सोडू नका. त्याला घेऊनच चला.'

'पण टिपांमध्ये सोडा असं आहे.'

'टिपा मी लिहिल्यात. मी सांगते, सोडू नका.'

'मग काल का सांगितलंत?'

संतापाने तिला धड दिसेना. कोण होतं हे? कोण होतं हे, तिच्या माणसांना असं बोटाने ढकलणारं? तिने लिहिलं, 'नालायका, तो माझा बाप आहे.'

उत्तर लगेच आलं.

'सोडला.'

ती टॅक्सीने घरी आली. जिना धावत चढली. वळणावरचा बाक रिकामा होता. तिने फळीवर हात ठेवला. एका बाजूला ती अजून कोमट होती.

"बाबा!" तिने वर हाक मारली, खाली मारली. पहिल्या मजल्यावरच्या बाईने दार किलकिलं करून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

घरात बाबांच्या खोलीत नवऱ्याची हत्यारं मांडलेली होती. पाने, तारांची भेंडोळी, ग्रीसचे डबे. खाट नव्हती. ग्रीसचे डाग फरशीत मुरलेले होते, जुने.

"बाबा कुठेत?"

नवरा हात पुसत आला. "कुणाचे?"

"माझे! माझे बाबा! त्यांचे बूट आहेत तुमच्या पायात!"

"माझेच आहेत हे," तो म्हणाला. खोटं बोलताना त्याचा डावा डोळा लवत असे. तो लवला नाही.

मावशीने डबे लाथेने उडवले. खोलीतली एक एक वस्तू उचलून भिंतीवर फेकली. नवऱ्याची कॉलर धरून त्याला हलवलं. ठकीला हलवलं. "आजोबा म्हण! म्हण एकदा!" ठकी म्हणाली, "आजोबा." परक्या भाषेतला शब्द शिकवल्यावर म्हणावा तसा.

मदत विभागाचं काम तिच्या मोबाईलवरही येत असे. तिने उभ्या उभ्या लिहिलं, 'परत फिर. त्याला घे.'

'परत फिरलो. बाकावर कोणी नाही. सोडलेला परत मिळत नाही.'

'शोध!'

'आता बाकीचे तिघे झपाट्याने चालतात. फक्त पुढची बाई सारखी मागे वळते. पाऊल टाकत नाही. तिचं काय करू?'

मावशी उत्तर लिहायला लागली. तिला पुष्कळ काही लिहायचं होतं, आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या इतक्या शिव्या. तेवढ्यात स्क्रीनवर दुसरं उत्तर उमटलं. ऑफिसातून, चष्मिषचं. ती काम अर्धवट टाकून निघून आली म्हणून तिचे प्रश्न आपसूक त्याच्याकडे गेले होते.

'नमस्कार, आपली अडचण समजली. साथीदार गेल्यावर असं होतं. टोळीला लवकर झोपवा. उठल्यावर ती ठीक असेल.'

नवऱ्याने जांभई दिली.

बाहेर अजून ऊन होतं. त्याने पडदे ओढले. ठकीने दिवा मालवला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आडवी झाली.

मावशी दाराला पाठ लावून उभी राहिली. झोपायचं नाही. तिने स्वतःचा हात चावला. राग आहे तोवर झोप येणार नाही, आणि राग तर तिच्याजवळ चिक्कार होता.

ती मोठ्याने बोलू लागली. बाबा चहा बशीत ओतून पितात. बाबा गोष्टीचा शेवट आधीच सांगून टाकतात. बाबांचा उजवा पाय मोडलाय.

उजवा की डावा?

"उजवा," ती ओरडली. अंधारात कुणी हललं नाही.

तिने पुन्हा हात चावला. रक्ताची चव आली. माझ्या बाबांना परत आणा, ती म्हणाली. माझ्या बाबांना. मग नुसतंच, परत आणा.

तिचे गुडघे आपोआप वाकले.

सकाळी ती ताजीतवानी उठली. चहा केला, ठकीला हाका मारल्या. नवरा भिंतीला टेकलेले डबे गोळा करत होता.

"काल फार ओरडले का मी?" तिने विचारलं.

"ओरडलीस."

"कशावरून?"

त्याने आठवून पाहिलं. "काय की," तो म्हणाला.

"असेल काहीतरी. जाऊ दे." तिच्या हातावर दातांचे खोल व्रण होते. तिने त्यावर मलम चोळलं आणि स्वेटरची बाही खाली ओढली.

मग तिघं निघाली. दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागली. नवरा काहीतरी विनोद सांगत होता, ठकी हसत होती, आणि कुणाला कुठेच थांबावं लागलं नाही.