वल्ह्यावरचा क्रौंच

धुक्यातून होडीचं टोक आलं, ते थेट तळ्यातल्या आमच्या रानभातात.

"थांब," मी म्हटलं. "लोंब्या बांधलेल्या दोरीला दोन पीळ आहेत, आमच्या घराची खूण. ही ताटं आमची."

"दोन पीळवाल्यांनाच शोधतोय. कुणाच्या तरी आत्याचं मनगट मुरगळलंय म्हणे. होडी रेटायला माणूस हवाय."

मनगट माझ्याच आत्याचं होतं. आणि हा पलीकडच्या तळ्यावरचा नोडेन.

त्याने आधी चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहिली, मग मला होडीत घेतलं. तो पुढे उभा राहून लांब दांडीने होडी रेटायचा. मी मागे बसून एका काठीने लोंब्या होडीवर वाकवायच्या, दुसरीने अलगद झटकायच्या.

"फार हळू मारतेस," तो न वळता म्हणाला.

"पिकलेला आपोआप पडतो. मारावं लागतं तो कच्चा."

"हे... भाताबद्दलच ना?"

मी हसले, मान खाली घातली — आणि हसू तिथेच थांबलं. आमच्या दोघांच्या मध्ये त्याचं वल्हं पडलं होतं. त्यावर कोरलेला क्रौंच, लांब मानेचा, एक पाय दुमडलेला. आमच्या घराचं देवक.

आम्हा पोटावाटोमी जमातीत देवक बापाकडून येतं, आणि एका देवकाची माणसं भावंडं. लग्न सोडाच, तसं बघणंही लाजिरवाणं. पण विचारू कशी? मुलीने परक्या मुलाचं देवक विचारलं, की तिच्या मनातलं सगळ्या तळ्याला कळतं.

तोही मला कशानेच हाक मारत नव्हता. नावाने नाही, नात्याने नाही. एकदा 'ताई' म्हणाला असता तर मी सुटले असते. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या केसांतलं कुसळ काढलं. बोटं क्षणभर तिथेच राहिली... मी अशी मागे सरले की होडी डचमळली.

चौथ्या दिवशी शेवटची दोरी सोडली, तेव्हा मी ठरवलं. आपणच तोडून टाकायचं.

"दादा," मी म्हटलं, "काठाकडे घे."

दांडी पाण्यात तशीच राहिली. तो वळला. चेहरा उतरला होता.

"दादा... कुणाचा?"

मी काठीने वल्हं दाखवलं.

तो बघत राहिला. मग हळूच माझ्यासमोर बसला.

"मामाचं आहे ते. माझं मोडलं म्हणून मागून आणलं. आई क्रौंचांची, बाप अस्वलांचा. मी अस्वल."

मी वल्ह्यावरच्या क्रौंचावरून बोट फिरवलं.

"तुझं देवक मी पहिल्याच संध्याकाळी विचारलं. तुझ्या आत्याला."

"मग?"

"सांगितलं तिने. सांगताना भरलेलं मडकं उचललं, दोन्ही हातांनी."

"मग चार दिवस मनगट बांधून का बसलीये?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, रेटणारा बरा मिळालाय, राहू दे."

मला हसू आलं, डोळेही भरले. हातातली काठी लोंबीला लागली. मूठभर दाणे पाण्यात पडले.

"सांडले," तो म्हणाला.

"सांडू देत. पुढच्या वर्षीचं बी आहे ते." मी त्याच्याकडे पाहिलं. "तेव्हाही... दांडी तूच धरशील?"

"झीबेक्वे," त्याने पहिल्यांदाच माझं नाव घेतलं, "येताना माझं स्वतःचं वल्हं घेऊन येईन."