आणखी आठ दिवस पट्टी

हेमराजच्या बोटांशी माझी ओळख आधी झाली, हेमराजशी नंतर. श्रावणातली दुपार होती. दवाखान्यात एकही पेशंट नव्हता, म्हणून मी कापसाचे बोळे करत बसले होते. दारातून आधी लाल झालेला दुपट्टा आत आला, मग त्यात गुंडाळलेला उजवा हात आणि त्याच्यामागून एक उंच, चिखलानं माखलेला माणूस.

"कशानं कापलं?" मी दुपट्टा सोडवत विचारलं.

"ड्रोननं."

"कशानं?"

"ड्रोन जी, सिस्टर... कॅमेऱ्याचा. उडते न, तो."

"मग तुम्ही काय, पंख्यात बोट घालून वारा किती येतो ते पाहून राह्यले होते?"

तो हसला. बोटातून रक्ताची धार लागलेली आणि हा बाबा हसतो! मला अशा माणसांचा फार राग येतो. त्या दिवशीही आला... पण जरा कमी आला, हे कबूल करते.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या त्या छोट्या हाडांच्या दवाखान्यात मी चार वर्षं नर्स होते. डॉक्टरांनी त्याच्या तर्जनीला चार आणि मधल्या बोटाला तीन टाके घातले आणि खाली पत्र्याची पट्टी ठेवून दोन्ही बोटं बांधून टाकली. "तीन आठवडे वाकवायची नाहीत," ते म्हणाले. "शीर थोडक्यात वाचली. ताण येऊन तुटली तर बोट जन्मभर असंच काठीसारखं राहील."

तेव्हापासून तो एक दिवसाआड ड्रेसिंगला यायचा. सेवाग्रामच्या पलीकडचं त्याचं गाव. शेतकऱ्यांना वरून वावर दाखवणं, रानडुकरांनी पीक कुठं लोळवलं ते शोधून देणं, लग्नाचं शूटिंग करणं, असं त्याचं काम. मी ड्रेसिंग करताना बोलत नाही, पेशंटलाही बोलू देत नाही. पण तिसऱ्या खेपेला मीच विचारलं.

"जमिनीवर उतरवायले काय होते त्याले? हातावर काऊन घेता?"

"जमीन कुठं आहे, सिस्टर? पावसाळ्यात वावरात पाय ठेवला का घोट्यापर्यंत जाते. पंख्यानं चिखल उडते, कॅमेरा खराब होते. म्हणून हातावर घेतो. त्या दिवशी माहीच घाई नडली. त्याच्या पोटाले नजर असते. खाली हात दिसला का त्याले वाटते जमीन आली, तो थबकते, मंग जरासा वर सरकते. तो वर गेला... अन् मी टाचा उचलून बाजूनं झडप घातली."

"मग करायचं काय असते?"

"काहीच नाई. उभं राह्यचं. तेच तर जमत नाई कोणाले."

आणि त्यानं डाव्या हातानं माझा ड्रेसिंगचा ट्रे उचलला! कोणी माझ्या ट्रेला हात लावलेला मला खपत नाही. पण मी त्याच्यासमोर तळवा पसरून उभी राहिले.

"हात डोक्याच्या वर. चेहऱ्यापासून लांब," तो सांगू लागला. "त्याची पाठ आपल्याकडं. तळवा सपाट, बोटं वर नाई काढायची. आता तो येते. आपण त्याच्याकडं जायचं नाई..." ट्रे हळूहळू खाली आला आणि माझ्या तळव्यावर टेकला. "टेकला का पोट घट्ट धरायचं. पण खेचायचं नाई, वाकडा करायचं नाई. खेचलं का त्याले वाटते वारा ओढून राह्यला, मंग तो अजून जोरानं फिरते. मी रिमोटचा दांडा खाली दाबून धरतो. पंखे थांबले का मंगच हात खाली."

"झालं?"

"अन् केस बांधून घ्यायचे. ओढणी नाई." हे सांगताना तो माझ्या केसांकडे नाही, भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे पाहत होता. माझे कान मात्र तापले. सव्वीस वर्षांची बाई मी, दिवसाला दहा हात-पाय बांधते... आणि एका ट्रेपायी माझी ही गत!

उगाच आडपडदा कशाला? मी त्याच्यात गुंतले. तो यायचा त्या दिवशी मी दोनदा केस विंचरायचे, आणि तो आला की त्याच्यावर डाफरायचे.

पण माझे त्या दवाखान्यातले दिवस संपत आले होते. सावंगीच्या मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये माझी निवड झाली होती, पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं; हेमराजलाही ते सांगून झालं होतं. या एका कामासाठी मी चार वर्षं हात जपले होते. भाजी चिरायला बसले तरी आई मला स्वयंपाकघरातून हाकलायची. आणि डॉक्टरांनी हेमराजच्या कागदावर लिहून ठेवलं होतं, मंगळवारी पट्टी काढून बोटांचा व्यायाम सुरू करायचा. मंगळवारी ते स्वतः नागपूरला गेले. काम माझ्यावर होतं.

त्यानं हात पुढं केला. मी पट्टी सोडली. जखम स्वच्छ, गुलाबी, छान भरलेली. आता हा 'धन्यवाद सिस्टर' म्हणणार, चपला घालणार आणि जाणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आणि माझ्या या जिभेला काय झालं कोण जाणे...

"अजून सूज आहे थोडी," मी म्हणाले. "आणखी आठ दिवस पट्टी राहू द्या."

"तुमी म्हणसान तसं," तो म्हणाला आणि मुकाट्यानं हात पुढं धरला.

सूज कसली डोंबलाची! त्याच्या त्या 'तुमी म्हणसान तसं'नं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. गुरुवारी आला की पट्टी काढून टाकायची, असं मी पक्कं ठरवलं. पण गुरुवारी त्याचा मेसेज आला. 'उद्या पोळा. परवा तुमच्या पिपरीत तान्हा पोळ्याचं शूटिंग आहे. सोमवारी येतो.'

शनिवारी आमच्या कॉलनीच्या मैदानात लाकडी बैलांची रांग लागली. चाकं लावलेले, झुली घातलेले, शिंगांना बेगड लावलेले बैल आणि त्यांच्या दोऱ्या धरून नटूनथटून आलेली दीडशे-दोनशे पोरं. मधोमध ट्रॅक्टरची ट्रॉली उभी, तिच्यावर माइक धरून मधुकरराव. कॉलनीचा तान्हा पोळा वीस वर्षं तेच भरवतात. बारीक भुरभुर सुरू झाली होती. ट्रॉलीच्या बाजूला, पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, दोन अंगठ्यांनी रिमोट चालवत हेमराज उभा होता.

"खाली कसा आणणार?" मी जवळ जाऊन विचारलं. माझी नजर त्या पिशवीवरून हलत नव्हती.

"समोरच्या शाळेच्या गच्चीवर. रिकामी ठेवायले सांगतली आहे मधुकररावांले. पोरांच्या डोक्यावर नाई आणत मी, सिस्टर. कडेकडेनंच फिरवून राह्यलो." मग हळूच, "आज केस लई छान..."

"वर पाहा," मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. पोरं नीट दिसावीत म्हणून आयाबाया छत्र्या घेऊन गच्चीवर चढल्या होत्या. गच्ची गच्च भरलेली.

"गच्ची खाली करा!" तो ओरडला. माइकच्या आवाजात कोणाला ऐकू जातंय! वारा वाढला. रिमोट टीं टीं करू लागला.

"किती आहे?"

"बारा टक्के. वाऱ्यानं खाऊन टाकली बॅटरी."

त्यानं ड्रोन मैदानाच्या कडेला खाली घेतला. झालं... एका पोराला तो दिसला. "ड्रोन! ड्रोन आला!" रांग मोडली. दीडशे पोरं बैल ओढत त्याच्याखाली धावली. हेमराजनं तो डावीकडं नेला, पोरं डावीकडं. उजवीकडं नेला, तर अख्खा पोळा उजवीकडं. सगळ्यांचे हात वर, सगळ्यांची तोंडं वर, डोळे उघडे. त्या पंख्यानं एका मोठ्या माणसाच्या बोटांचं काय केलं होतं, ते मी पाहिलं होतं.

"पाण्याच्या टाकीवर आपटतो त्याले," हेमराज म्हणाला.

"खाली पोरं आहेत! तुकडे कोणाच्या डोळ्यात गेले म्हणजे?"

"सहा टक्के. आता तो माह्यासाठी थांबणार नाई, सिस्टर, आपोआप उतरते..." आणि तो दातांनी पट्टी फाडू लागला. "मीच घेतो हातावर."

ती बोटं साडेतीन आठवडे ताठ बांधलेली. मंगळवारपासून व्यायाम झाला असता तर एव्हाना वळली असती. माझ्यामुळं वळणार नव्हती. मी त्याचा हात झटक्यानं खाली ओढला.

"तुम्ही अंगठे सांभाळा. हात माझा."

"नाई! पहिल्या तारखेले तुमचं थिएटर... तुमच्या हाताले काही झालं म्हणजे? नाई म्हणतो न मी!"

"ट्रॉलीवर आणा त्याला!"

मी ओढणी त्याच्या अंगावर फेकली, केसांची गाठ मारली आणि चाकावर पाय देऊन ट्रॉलीवर चढले. "पोरी, बक्षीस समारंभ बाकी आहे अजून," असं काहीसं मधुकरराव म्हणत होते. मी म्हटलं, "काका, उतरा! अन् पोरांना वर चढू देऊ नका." माझं तोंड पाहून ते उतरले आणि खालून माइकवर गरजले, "आपापले बैल जागेवर थांबवा! जो बैल हलला त्याचा नंबर कट!" ट्रॉलीभोवती सगळे बैल जागच्या जागी उभे राहिले.

मी हात वर केला. चेहऱ्यापासून लांब. तळवा सपाट. ड्रोनची पाठ माझ्याकडे वळली आणि तो खाली येऊ लागला. ट्रे वेगळा आणि हा वेगळा, देवा! मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज, तोंडावर उडणारं पाणी... डोळे मिटावेसे वाटत होते. वीतभर अंतर राहिलं. आता...

तो थबकला. आणि वर सरकला.

माझा अख्खा जीव त्या हातात आला होता. एवढासा तर वर आहे... थोडं उंच झालं की...

"टाच उचलू नको, गुंजन!" हेमराज ओरडला. सिस्टर नाही, तुमी नाही. "जाऊ नको त्याच्याकडं... थांब. येते तो. येते."

मी टाच खाली टेकवली. वर पंखे, खाली दीडशे पोरांची तोंडं. तीन टक्के, असं तो म्हणाल्याचं ऐकू आलं. मग काहीतरी गार तळव्याला टेकलं आणि मी बोटं मिटली.

ड्रोन झटापट करत होता. माझ्या अंगठ्यापासून चार बोटं अंतरावर पंखा फिरत होता. खाली ओढावं, फेकून द्यावं असं हातालाच वाटत होतं.

"खेचू नको... तसाच धर... बस, बस..."

आणि पंखे थांबले.

खाली एकच गलका झाला, कोणीतरी डफडं बडवू लागलं. मी तशीच हात वर करून उभी. हात खालीच येईना. हेमराज ट्रॉलीवर चढला, त्यानं डाव्या हातानं माझं एकेक बोट सोडवून ड्रोन काढून घेतला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"डोकं आहे का जागेवर?" तो माझ्यावरच खेकसला. "ड्रोन काय, दुसरा घेता येते. तुही बोटं कुठून आणली असती मी?"

इथंच गप्प राहिले असते तर सगळं किती गोड झालं असतं! पण मला ते गिळवेना.

"हेमराज, मंगळवारी सूज नव्हती."

"काय?"

"पट्टी मंगळवारीच काढायची होती. डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. मी खोटं बोलले."

"म्हणजे आज मले जमलं असतं? तुले हात घालायचं कामच नव्हतं?"

"नव्हतं. माझ्याचमुळं झालं सगळं."

त्यानं उजवा हात माझ्यापुढं धरला. "काढ."

मी पिशवी फाडली, पट्टी उलगडली. गाठ इतकी आवळून बसली होती की दातांनी सोडवावी लागली. आतली त्याची बोटं पांढरी, सुरकुतलेली. त्यानं वाकवून पाहिली. निम्मी वाकली. त्यानं दात आवळले आणि पुन्हा वाकवली.

"काऊन केलं असं?"

"पट्टी निघाली असती तर तुम्ही आला नसता. आणि पहिल्या तारखेपासून मीच तिथं नसते. तुम्ही मला आवडता... बस्! आता काय रागवायचं ते रागवा."

"येडी आहे का तू?" तो खरंच चिडला होता, आवाज फाटला होता त्याचा. "सेवाग्रामकडून इथवर यायचं म्हणजे अख्खं वर्धा शहर लागते मधात. गल्लोगल्ली दवाखाने आहेत. मी काय पट्टीसाठी येत होतो इकडं?"

मी सुटलेली पट्टी गुंडाळायला घेतली, तीही उलटी.

"राग आला आहे मले," तो म्हणाला. "लई आला आहे. दोन-तीन दिवस तरी जाणार नाई."

"नका जाऊ देऊ."

"पोरांच्या जिवाशी खेळ झाला असता, गुंजन."

"माहीत आहे मला." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "डॉक्टरांना सोमवारी मीच सांगणार आहे."

"झालं काय रे बाप्पा तुमचं?" खालून मधुकररावांनी विचारलं. "बक्षिसं वाटू का आता?"

हेमराजनं मान हलवली, पण तो खाली उतरला नाही. त्याची ती ताठ, पांढरी बोटं माझ्या हाताशी आली. ती पुरती मिटत नव्हती, म्हणून मीच माझी मिटली. सगळं मैदान पाहत होतं. पाहू दे.

"पहिल्या तारखेपासून दोनला सुटेल माझी ड्युटी," मी म्हणाले. "राग गेला की या. आणि काही न कापता या."